फुटक्या मडक्यांची हजेरी

आमच्या घरी कप फुटला की बायको आधी दार लावून घ्यायची. कारण आवाज ऐकला की शेजारचे ड्रॉइंग मास्तर शामरावजी धावत यायचे. खिशातून वर्तुळं काढलेला कागद काढायचे, काठाचा तुकडा त्यावर बसवून पाहायचे आणि निकाल द्यायचे, "कप तीन इंची. हा आठवा हिस्सा. बाकीचे सात घरातच हायेत, वयनी." ते सात सापडेपर्यंत मास्तर उठत नसत. एकदा यात आमची अख्खी दिवाळी गेली, शपथेवर सांगतो.

हा नाद त्यांना केळझरच्या वाटेवरच्या टेकाडानं लावला. तिथे म्हणे दोन हजार वर्षांपूर्वी गाव होतं. आता नुसत्या खापऱ्या. दर रविवारी मास्तर पोतंभर वेचायचे, वाण्याच्या काट्यावर तोलायचे, काठांच्या तुकड्यांवरून मडकी मोजायचे, मडक्यांवरून चुली, चुलींवरून माणसं. मग "सारेच गेले" म्हणून वही मिटायचे. रंगीत तुकडा असो की काळाठिक्कर, एकही टाकायचा नाही. "निवडून घेतलं का मोजणी खोटी," हे ते पोरांना सांगायचे, गाडीवानाला सांगायचे, हेडमास्तरांच्या सासऱ्याच्या तेराव्यालाही सांगून आले. घरात खापऱ्या इतक्या झाल्या की मास्तर ओसरीत झोपू लागले आणि त्यांचे उंदीर आमच्याकडे राहायला आले.

आपण मुंबई राज्यात गेलो त्या छप्पन साली नव्या सडकेचा ठेका निघाला आणि भरावासाठी नेमकं तेच टेकाड ठरलं. मास्तरांचं अन्नपाणी सुटलं. त्यांनी अर्ज धाडले, इतके की पोस्टमन आजारी पडला. सोमवारी गाड्या लागणार, तर शनिवारी पुरातत्त्व खात्याचे एक साहेब पाहणीला आले. मास्तरांनी वही पुढे केली. साडेतीनशे मडकी, साठ चुली. साहेब भला माणूस. म्हणाले, खापऱ्या तर गावोगाव पडल्यात. बांगडी, मणी, नाणं असं काही दाखवा, आत्ता काम थांबवायला लिहितो.

"नाई जी," मास्तर म्हणाले. "तसं काई नाई."

साहेबांची जीप गेली.

संध्याकाळी मी समजूत घालायला गेलो. मास्तर ओसरीत तो कागद मांडून बसले होते. कागदावर शंखाच्या बांगडीचा अर्धा तुकडा. माझं डोकंच फिरलं. "मास्तर, हे होतं तं दाखवलं काऊन नाई?"

त्यांनी तुकडा वर्तुळावर बसवला. मग वर्तुळावर बोट टेकवून म्हणाले, "माप पाहा. चार-पाच वर्साची पोर हाय. साहेबानं नंबर टाकून नेली असती."

"नेऊ द्यायची. टेकाड वाचलं असतं."

"माही शांता एवढीच होती. तापाच्या साथीत दवाखान्यात नेली. दारातच तिच्या बांगड्या काढून माह्या हातात देल्ल्या अन् तिच्या मनगटाले नंबर बांधला. मंग मले ते दिसलीच नाई."

अकरा वर्षं आमची भिंतीला भिंत. मास्तरांचं कधी लग्न झालं होतं, हेही मला ठाऊक नव्हतं.

सोमवारी वाटलं, आज हे घराबाहेर पडणार नाहीत. पण मास्तर टेकाडापाशी उभे होते, एक मूठ खिशात घट्ट आवळून. गाडीवान दणादण माती भरत होता. मास्तर त्याला एवढंच म्हणाले, "हळू भरजो, बाप्पा."

"मातीच हाय ना, गुरुजी."

"हो," मास्तर म्हणाले.

गाडीवानानं एकदा त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुढचं फावडं हळू टाकलं.