बाबा सोडून सगळे

"वाच," बाबा म्हणाले.

"सगळी नावं?"

"सगळी. मी ऐकतोय."

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला होता आणि उजवा पाय बुटातून बाहेर काढला होता. इस्पितळाच्या तळमजल्यावर, एक्स-रे विभागाच्या शेजारी, कॉम्प्युटर विभाग नावाची एक चिंचोळी खोली होती. तिथे बापलेक एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसत. इस्पितळातल्या प्रत्येकाचं कॉम्प्युटरवर एक खातं असे. ते उघडल्याशिवाय रिपोर्ट दिसत नसे, की भांडारातून औषध निघत नसे. या सगळ्या खात्यांची मिळून एक डिरेक्टरी होती. दर महिन्याला त्या डिरेक्टरीला विचारायचं की तीन महिन्यांत ज्यांनी खातं उघडलंच नाही असे कोण, आणि येतील ती खाती बंद करायची. काम चुटकीसरशी होण्यासारखं होतं. बाबा त्याला अर्धा दिवस लावत.

तिने पहिलं नाव वाचलं.

"तिला राहू दे. बाळंतपणाच्या रजेवर आहे."

दुसरं वाचलं.

"तो नोकरी सोडून गेला. जाताना माझं स्टेपलर घेऊन गेला. कर बंद."

"बाबा, रजेवरची वगळ म्हणून सरळ अट घालता येते. वाचत काय बसायचं?"

"घाल ना अट, कोण नको म्हणतंय? पण अटीत कोण सापडलंय ते डोळ्यांनी बघायचं, मग बंद करायचं. नुसतं बटण काय, माकडही दाबेल."

"आपल्या विभागात माकड नाही."

"नोकरभरती बंद आहे म्हणून."

यादी निम्मी झाल्यावर बाबांनी पाय बुटात घातला आणि उरलेली उद्या वाचू म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा उठले नाहीत.

उरलेली नावं तिने सुतकानंतर एकटीने वाचली. तोपर्यंत ती विभागाची प्रमुख झाली होती, आणि हाताखाली कुणीच नव्हतं. बाबांना सगळे मोठे साहेब म्हणत, म्हणून ती छोट्या मॅडम. तीन महिने उलटल्यावर, व्हायचं तेच झालं. यादीत बाबांचं नाव आलं. तिने त्यापुढची 'बंद करा' ही खूण काढून टाकली आणि बाकीची खाती बंद केली. पुढच्या महिन्यात ते नाव पुन्हा आलं, तिने पुन्हा खूण काढली. बाबा गेल्याचं घरी आलेल्यागेलेल्यांना आई सांगत असे, फोनवर मामा सांगत असे. ती मात्र "साहेबांच्या वेळी असं होतं" एवढ्यावर भागवायची. इस्पितळात मरणाची कुणाला नवलाई नव्हती, पण तिच्यासमोर तो शब्द सगळे टाळत.

अशात अधीक्षकबाईंनी फर्मान काढलं, "दर महिन्याला हातानं काय निवडत बसता? तांदूळ आहेत का? आपोआप होईल असं करा."

तिने छोटा प्रोग्राम लिहिला. पहिली अट, तीन महिन्यांत खातं उघडलेलं नसावं. दुसरी अट, नाव बाबांचं नसावं. दुसरी अट पहिलीला जोडायची होती. तिने ती पहिलीच्या जागी ठेवली, त्यामुळे पहिली पुसली गेली. यादीवर एक नजर टाकली असती तरी चूक कळली असती. पण त्या यादीत ते नाव तिने बरेच महिने पाहिलं होतं. दुसरी अट बरोबर बसली नसेल तर ते आजही तिथे असेल, अशी तिला भीती वाटली. तिने यादी न बघता बटण दाबलं.

ज्यांचं नाव बाबांचं नाही, असे कोण? कॉम्प्युटरने अख्खं इस्पितळ हजर केलं आणि अख्खं इस्पितळ बंद केलं.

पहिला फोन औषधभांडारातून आला, दुसरा रक्तपेढीतून. तिसरा फोन आला नाही. अधीक्षकबाई स्वतःच जिना उतरून आल्या.

"एका आजींच्या खुब्याचं ऑपरेशन आहे. सर्जन हात धुऊन उभे आहेत आणि एक्स-रेचे फोटो उघडत नाहीत. काय चाललंय?"

"माझ्याकडून सगळी खाती बंद झाली, मॅडम."

"मग चालू करा."

"त्यात माझंही आहे."

"चालू कुणाचं आहे?"

ती कीबोर्डकडे बघत राहिली. "साहेबांचं."

"मग त्यातून करा," अधीक्षकबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

बाबांच्या खात्याला सगळे अधिकार होते, पण पासवर्ड तिला माहीत नव्हता. तो पोटच्या मुलीला सांगणंही बाबांच्या लेखी दरोड्यात सामील होण्यासारखं होतं. उरलं डिरेक्टरी पुरवणाऱ्या कंपनीचं मदतकेंद्र. तिने फोन लावून स्पीकरवर टाकला.

"तुमचं खातं बंद दिसतंय," पलीकडचा माणूस म्हणाला. "बंद खातेदाराशी मला बोलता येत नाही."

"मीच बंद केलंय ते."

"म्हणजे तुमच्या इच्छेनं बंद आहे."

"मी या इस्पितळाची अधीक्षक बोलतेय," अधीक्षकबाई मध्ये पडल्या.

"असाल बाई. पण माझ्याकडे तुम्हीही बंद आहात. तुमच्या इस्पितळात आत्ता एकच गृहस्थ चालू आहेत. त्यांना द्या फोन."

"ते जागेवर नाहीत," तिच्या तोंडून निघून गेलं.

"कधी येतील?"

"सांगता येणार नाही."

"बाहेरगावी गेलेत का?"

"हो. म्हणजे, लांब."

"मोबाइल असेल ना?"

"बंद आहे."

अधीक्षकबाई भिंतीवरच्या कॅलेंडरमधले वार वाचू लागल्या.

"बघा, मिळतात का," पलीकडचा म्हणाला. "मी थांबतो."

तेवढ्यात दाराशी एक ट्रॉली येऊन थांबली. जुने फोटो उघडत नाहीत तर नवीन काढून आणा, म्हणून सर्जननी आजींना खाली पाठवलं होतं. एक्स-रेचं यंत्रही खात्यावरच चालतं, हे खाली आल्यावर कळलं. ट्रॉली ढकलत भांडारपाल आले होते, कारण औषधं देता येत नसल्यामुळे ते सकाळपासून मोकळेच होते.

"आता काय अडलं?" आजींनी विचारलं.

"कॉम्प्युटर बंद पडलाय, आजी."

"मला कालपासून अन्नाचा कण दिलेला नाही. त्यालाही नसेल दिला."

भांडारपालांनी परिस्थिती समजून घेतली, फोनवर तळहात ठेवला आणि कुजबुजले, "साहेब म्हणून मी बोलतो. त्यांचा आवाज माझ्या कानात बसलाय."

"हा गुन्हा आहे," अधीक्षकबाई म्हणाल्या. मग त्यांनी आजींकडे पाहिलं. "थोडक्यात उरका."

तिने नको म्हणायच्या आत भांडारपालांनी घसा खाकरला. "हॅलो. मी बोलतोय."

"आलात?"

"आलो."

"लवकर आलात. लांब होतात ना?"

"गाडी लगेच मिळाली."

"बरं. खातं शेवटचं कधी उघडलंत?"

"काय राव, कालच."

पलीकडे कीबोर्डचा आवाज झाला. "या खात्यात कित्येक महिने कुणी आलेलं नाही."

"हां. म्हणजे, आजारी होतो."

"मघाशी लांब होतात."

भांडारपालांनी तिच्याकडे मदतीसाठी पाहिलं. "लांब आजारी होतो."

"फोन बाईंना द्या," पलीकडचा म्हणाला.

भांडारपाल मागे सरकले. फोन मधोमध टेबलावर पडून होता आणि आता त्याच्याजवळ कुणी जाईना.

"हे बोलणं रेकॉर्ड होतंय. आणखी एक थाप ऐकली तर चालू आहे ते खातंही मी बंद करीन. मग लेखी अर्ज, चौकशी, दोन दिवस जातील. नीट सांगा, ते गृहस्थ फोनवर का येत नाहीत? बदली, निवृत्ती, मृत्यू, प्रत्येकाची आमची पद्धत वेगळी आहे."

"मृत्यूची कशी आहे?" अधीक्षकबाईंनी हळूच विचारलं.

"ती सगळ्यात सोपी. विभागातल्या पुढच्या माणसानं तोंडी सांगायचं. मी ते खातं बंद करतो, पुढच्या माणसाचं उघडतो. मिनिटाचं काम आहे. तसं असतं तर पहिल्याच वाक्याला सांगितलं असतंत, एव्हाना इस्पितळ सुरूही झालं असतं."

"मग मी सांगते—"

"तुम्ही नाही, बाई. विभागातलं कोण आहे?"

"मी आहे," ती म्हणाली.

"बोला."

अधीक्षकबाई दाराकडे वळून उभ्या राहिल्या. भांडारपालांनी ट्रॉलीचं एक चाक पायाने अडवून धरलं, खरं तर ती कुठेच जात नव्हती.

"ते आता नाहीत," ती म्हणाली.

"जागेवर नाहीत, हे मघाशी झालंय."

"तसं नाही. ते आता आपल्यात..."

"मला नोंदीत स्पष्ट शब्द लागतो."

नोंद झाली की खातं बंद होणार होतं. पुढच्या महिन्याच्या यादीत ते नाव येणार नव्हतं, आणि खूण काढायला काही उरणार नव्हतं.

"कुणाबद्दल विचारतोय गं तो?" ट्रॉलीवरून आजी म्हणाल्या.

"माझ्या बाबांबद्दल."

आजींनी मान जरा उचलली, तिच्याकडे नीट पाहिलं आणि पुन्हा उशीवर टेकली. "सावकाश सांग. मी कुठे पळतेय."

पलीकडे कीबोर्डचा आवाज थांबला होता.

तिने फोन उचलून तोंडाजवळ धरला.

"माझे बाबा वारले," ती म्हणाली.