ढोकेकाका आणि सुमनची मंडळी

आमचे शेजारी ढोकेकाका माणसाला ओळखतात ते दाढेवरून. चेहरा त्यांनी अजून कोणाचाच पाहिलेला नाही. मी "नमस्कार काका" म्हणायला तोंड उघडलं की ते माझ्या उजव्या दाढेकडे पाहून हात जोडतात, "काय मंडळी, बरं आहे ना?" आणि खरं सांगतो, आत कोणीतरी मान डोलावतं.

काका दंत महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत होते. तोंडातले जंतू वाढवण्यात सारी नोकरी गेली. त्यांच्यासमोर जांभई देणं धोक्याचं. मी एकदा सकाळी दिली, ती मिटेपर्यंत दुपार झाली. कुही गावातल्या एका लग्नात नवरदेवानं जिलेबी तोंडात घातली, तर हे पंगतीतून ओरडले, "दाबलं! बटन दाबलं!" भटजींनी घाबरून झालेलं लग्न पुन्हा पहिल्या मंगलाष्टकापासून लावलं.

बटन म्हणजे जंतूच्या जीनचं, जनुकाचं. "जंतू काही येडा नाही गा," काका सांगत. "साखरेचा गोंद करणारं एन्झाइम बनवाची कृती त्याच्यापाशी असते. पण उगाच बटन दाबत नाही तो. पहिले चाखते, साखर आली काय. मंग कानोसा घेते, शेजारी किती आहेत. रसायनाच्या चिठ्ठ्या धाडतात ते एकमेकाइले. मंडळी जमली का दाबलं बटन! एकट्यासाठी कोण चूल पेटवते?"

कूलरच्या ओल्या खसाच्या वासात हे ऐकता ऐकता माझे डोळे मिटत, आणि तोंडात अख्खी इतवारी बाजारपेठ भरलेली दिसे. मिणमिणते दिवे, हातगाड्या, दारोदार चिठ्ठ्या टाकत तरंगणारी इवलीइवली माणसं.

मे महिन्यात एका भर दुपारी काका दारात उभे. हातात ओल्या पंचात गुंडाळलेला स्टीलचा डबा.

"माह्या फ्रिजनं जीव सोडला. हे तुमच्याकडे ठेवता काय?"

डब्यात जंतू वाढवायची काचेची एक नळी होती. तिच्यावर चिकटपट्टी, पट्टीवर अक्षरं: सुमन.

"कोणाच्या तोंडातलं माझ्या फ्रिजात?" आमची बायको फ्रिजला पाठ लावून उभी राहिली. "लोणच्याशेजारी? काहून काका?"

सुमन म्हणजे काकू. तीन वर्षांपूर्वी गेल्या.

"पोराइले शिकवाले तिच्या दाढेवरून घेतले होते एकदा," काका जमिनीकडे पाहत म्हणाले. "ती गेली, तिची मंडळी राहिली. दर पंधरा दिवसाले नवीन खाऊ देतो, साखर घालून. तिले गोड लय आवडे. आज या उनात हे बी गेले, तं..."

बायकोनं लोणच्याची बरणी बाजूला सरकवली. डबा आत ठेवला. मग वळून विचारलं, "जेवले काय?"

"एकट्यासाठी..." काका म्हणाले.

काकू गेल्यावरही तीन वर्षं भिंतीला भिंत लागून राहतोय आम्ही. पलीकडून फोडणीचा आवाज येत नाही, हे मला तेव्हा ऐकू आलं.

तीन ताटं मांडली. काका हळूहळू जेवले. संत्राबर्फीसुद्धा मागून घेतली. निघताना त्यांनी फ्रिजचं दार बोटभर उघडलं, आणि त्या थंड उजेडात वाकून हळूच म्हणाले,

"जेवलो वं, सुमन."