भावोजी आणि विलायतेचा डोंगर

भर वैशाखात, ज्या वेळी रत्नागिरीतलं कुत्रंसुद्धा सावली सोडायला तयार नसतं, त्या वेळी लोकरीची कानटोपी, हातमोजे, पावसाचं जाकीट आणि घोट्याच्या वर येणारे जाडजूड बूट घालून, दोन हातांत दोन काठ्या टेकत एक माणूस भाट्याच्या पुलावरून चाललेला दिसला, तर घाबरू नका. ते आमचे भावोजी. माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान. मी हे आपण होऊन कुणाला सांगत नाही, पण रत्नागिरी गाव केवढं? न सांगताच सगळ्यांना माहीत आहे.

माझं बाजारात भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, पातेलं हातात घेतं, टिचकी मारून बघतं आणि पातेल्याचा भाव विचारायच्या आधी विचारतं, "काय बाळूशेठ, भावोजी पोचले का डोंगरावर?" मी हसतो. न हसून सांगतो कुणाला? आतून मात्र मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्याचं असं आहे. माझा भाचा नितीन असतो उत्तर इंग्लंडात. बायको तिकडचीच, पोर गुणाची. तिचे वडील म्हणजे नितीनचे सासरे. त्यांना डोंगर चढायचा नाद. तिकडे पुष्कळांना असतो म्हणे. वर काही आणायला जायचं नसतं, कुणाला भेटायचं नसतं. नुसतं चढायचं, सँडविच खायचं आणि उतरायचं. आमच्याकडे हापूस उतरवायचा नसेल तर माणूस जिनाही चढत नाही!

दोन वर्षांपूर्वी ताई आणि भावोजी तिकडे जाऊन आले. तेव्हा नितीनने बाबांना डोंगरावर नेलं होतं. ताई घरी सुनेजवळ थांबली होती. त्या दिवशी चाल अर्धवट टाकून सगळ्यांना खाली यावं लागलं, एवढंच आम्हाला कळलं. काय झालं म्हणून विचारलं की भावोजी एकच वाक्य बोलत. "तयारी कमी पडली." पुढे चकार शब्द नाही.

यंदा पुन्हा तिकिटं आली. पण नितीनने फोनवरच सांगून टाकलं, "बाबा, डोंगरावर आम्ही जाऊन येऊ. तुम्ही या खेपेला आईजवळ थांबा." झालं! भावोजी म्हणाले, नितीनच्या तोंडून 'चला' एवढा एक शब्द निघाल्याशिवाय मी विमानात पाय ठेवणार नाही. आणि दुसऱ्या दिवसापासून तयारीला लागले.

आता भावोजी म्हणजे सारा जन्म एसटीत गेलेला माणूस. डेपोत वाहतूक नियंत्रक होते. त्यामुळे घरातसुद्धा बोलतात ते कर्ण्यातून बोलल्यासारखे. "गाडी फलाटाला लागण्याआधी माणूस लागला पाहिजे," हे त्यांचं ब्रीद. लग्नाला निघाले की मुंडावळ्या बांधायच्या आधी मांडवात हजर. अशा माणसाला तयारी म्हटल्यावर काय, माकडाच्या हाती कोलीतच.

बूट आले मुंबईहून. काठ्या आल्या पुण्याहून. त्या डोंगराचा नकाशा नितीनकडून मागवला. तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि तेव्हापासून ताईच्या घरी सगळे जमिनीवर पाट मांडून जेवतात. नकाशावर त्या वेटोळ्या रेषा असतात ना, त्यांच्यावरून बोट फिरवत भावोजी म्हणतात, "बाळू, इथे रेषा बघ कशा दाटल्यात. म्हणजे उभा कडा. इथे वायच उजवीकडनं घ्यायचं." मी विचारलं, "आणि डावीकडनं घेतलं तर?" तर म्हणाले, "तर तुझी ताई विधवा."

शिदोरीचंही तेच. तिकडे लोक पुदिन्याची साखरवडी खिशात ठेवतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं. म्हणाले, आपण काय कमी आहोत? आंब्याचं साठं कापून त्याच्या पट्ट्या केल्या, एकेक पट्टी प्लॅस्टिकात गुंडाळली आणि जाकिटाच्या सगळ्या खिशांत भरली. वैशाखातल्या उन्हात ती पाघळली. मुंग्यांनी जाकीट दोन दिवस सोडलं नाही आणि भावोजींनीही सोडलं नाही.

सकाळी उठून देवाला हात जोडायच्या आधी मोबाईलवर तिकडच्या डोंगराचं हवामान बघणार. मग अंगणात येऊन जाहीर करणार, "आज वर वारा फार आहे. वर जायचं काम नाही!" ताई तुळशीला पाणी घालता घालता म्हणते, "तुम्हाला बोलावलंय कुणी वर? उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग!"

पाठीवर वजनाची सवय हवी म्हणून सॅकमध्ये सोललेले नारळ भरून फिरायचे. एकदा भाजी मंडईत एका बाईने सॅकला हात लावून विचारलं, "कसे दिलेत हो?" भावोजी थांबले, सॅक उतरवली आणि तिला आदराने समजावून सांगितलं, की हे विकायचे नसून, चढावरचा भार आहेत. ती बाई माझ्या दुकानाची जुनी गिऱ्हाईक. ती मला सांगताना हसून हसून खाली बसली. मी काय करणार? तिला पाणी दिलं.

शिट्टीचा प्रसंग तर विचारूच नका. तिकडे डोंगरावर माणूस अडकला, तर त्याने सहा वेळा शिट्टी फुंकायची, असा नियम. भावोजींनी भाट्याच्या पुलावर मध्यभागी उभं राहून तालीम घेतली. समोरून पावस गावची एसटी येत होती. ड्रायव्हर जुना. साहेबांची शिट्टी कानावर पडताच त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. मागे रिक्षा, टेम्पो, सगळं ठप्प. ड्रायव्हर उतरून सलाम ठोकून म्हणतो, "साहेब, काय झालं?" भावोजी म्हणाले, "काही नाही, मी धुक्यात हरवलोय. जाऊ द्या गाडी." त्या एसटीत माझे व्याही बसलेले होते. आता बोला!

पण त्यावरही कडी झाली ती पिशवीची. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरचा इकबाल माझ्याकडून मोठाले टोप नेतो. एका संध्याकाळी तो धापा टाकत दुकानात आला.

"बाळूशेठ, चला बघू लवकर. भाट्याला सुरूच्या बनात पिशवीत माणूस हाय."

"मेलेला?"

"तेच बघायला तुमाला बोलावतंत. बाजूच्या काठ्या तुमच्या भावोजींसारख्या वाटतंत."

तसाच त्याच्या स्कूटरवर बसलो. जाऊन बघतो तर ही गर्दी! मधोमध भडक केशरी रंगाची माणूसभर लांब पिशवी, आणि तिच्या तोंडातून उकडलेल्या बिटासारखा लाल झालेला आमच्या भावोजींचा चेहरा. मला बघून खूश झाले. "बाळू, पिशवी अव्वल आहे! बर्फात माणूस रात्रभर सहज तगेल." शेजारी पोलीस उभा होता. तो म्हणाला, "काका, बर्फ पायजे तर मिरकरवाड्याला जा. इथं वाळूत मराल." सगळी गर्दी खो खो हसली. कुणीतरी मोबाईलवर चित्रण करत होतं. धरणीमाता पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी भावोजींना पिशवीतून ओढून काढलं आणि चौपाटीच्या कडेकडेने, ओळखीचं कुणी दिसलं की तोंड फिरवत, घरी आणून सोडलं.

"ताई, यांना आवर," मी म्हणालो. "बाजारात तोंड दाखवायची सोय राहिली नाही."

ताई भावोजींची पाठ ओल्या पंच्याने पुसत होती. म्हणाली, "मी आवरून बघितलं रे. हल्ली रात्री झोपेतसुद्धा 'बघू' म्हणतात."

हा 'बघू' नितीनचा. दर रविवारी भावोजी बूट, टोपी, सगळा साज चढवून मोबाईलपुढे उभे राहायचे. गरकन फिरून पाठीवरची सॅक दाखवायचे. शिट्टी दाखवायचे. नितीन बघायचा आणि म्हणायचा, "छान आहे बाबा. बघू." जन्मभर डेपोत लोकांना 'बघू' म्हणून वाटेला लावलेला हा माणूस. त्या शब्दाचा अर्थ त्यांना कळत नव्हता थोडाच! पण पुढच्या रविवारी पुन्हा उभे. तेव्हा मात्र मला त्यांची दया यायची, आणि दया आली की अधिकच राग यायचा.

आणि मग एका रविवारी नितीन 'चला' म्हणाला! ताईने लगेच खांडवी केली. मला हाक मारून बोलावलं. भावोजी खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, "अभिनंदन भावोजी, जिंकलात!" ते नुसते हं म्हणाले. खांडवी त्यांनी अर्धी टाकली. मग हळूच मला म्हणाले, "बाळू, उद्या सोमवार, तुझं दुकान बंद असतं ना? माझ्याबरोबर सड्यावर येशील? शेवटची तालीम आहे. एकट्याने जमत नाही."

गेलो. निदान सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, बघायला कुणी नसतं, हा माझा हिशेब. काळा जांभा दगड लांबपर्यंत पसरलेला, मध्ये करवंदीच्या जाळ्या, बाकी चिटपाखरू नाही. सकाळचीच वेळ, तरी दगड तापायला लागला होता. पलीकडच्या वाडीत उतरणारी वाट जिथे सुरू होते, तिथे जागेवाला आहे. जागेवाला म्हणजे त्या जागेचा राखणदार. देऊळ नाही, छप्पर नाही. दगडांची रास आणि वर शेंदूर लावलेला एक पाषाण. येणारा-जाणारा तिथे पायताण काढतो, हात जोडतो आणि पुढे जातो. आमच्या बापजाद्यांपासूनची रीत. मीही चपला काढल्या.

भावोजींनी बूट काढले नाहीत. मान ताठ, नजर समोर, काठ्या टेकत ते सरळ पुढे निघाले. थोडं गेले आणि थांबले. परत आले. पुन्हा गेले. पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तोंड घामाने निथळत होतं.

माझं डोकं फिरलं. "भावोजी, गावात शोभा केलीत ती केलीत. देवापुढे तरी बूट काढा की!"

ते तिथेच दगडावर बसले. म्हणाले, "तिथेही अशीच रास होती रे. त्या डोंगराच्या माथ्यावर. येणारा प्रत्येक माणूस एकेक दगड आणून वर ठेवत होता. मला काय वाटेल, तूच सांग. मी म्हटलं, हा यांचा जागेवाला."

"मग?"

"मग काय, बूट काढले. मोजे काढले. पावसाची बारीक झड होती, दगड बर्फासारखा गार. उभा राहिलो आणि मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. म्हटलं, बा महाराजा, माझा पोर तुझ्या मुलखात आलाय, त्याला, सुनेला, व्याह्यांना सांभाळ." त्यांनी तोंड पुसलं. "चार माणसं जमली. एक पोरगी हसायला लागली. आणि गाऱ्हाणं संपलं, पण 'होय महाराजा' म्हणायला कोणी नाही! नितीन होता शेजारी. तो म्हणाला नाही. त्याने मान फिरवली."

आमच्याकडे गाऱ्हाणं घालणाऱ्याला ऐकणाऱ्याने 'होय महाराजा' म्हणून दुजोरा द्यायचाच असतो. त्याशिवाय ते देवाला पोचत नाही.

"पाय बधिर झाले. बोटं हलेनात, बुटात पाय जाईना. व्याही बिचारे भले, त्यांनी आपली टोपी काढून माझ्या एका पायात घातली. नितीन गुडघ्यावर बसून माझे पाय चोळत होता. वर न बघता हळूच म्हणाला, बाबा, लाज आणलीत मला." भावोजी हसायला गेले, पण ते जमलं नाही. "सामान काय रे, विकत मिळतं. खरी तयारी ही. काल 'चला' म्हणाला तेव्हा म्हणाला, बाबा, फक्त तेवढं नको. मी म्हटलं, बूट नाही काढणार. शब्द दिलाय. पण सवय आहे ना, पाय आपोआप थांबतो."

बाजारात ज्या माणसामुळे मला तोंड लपवावंसं वाटत होतं, तो माणूस पोराला लाज वाटू नये म्हणून देवाकडे पाठ करायला शिकत होता. मला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली, की त्यांच्याकडे बघवेना.

ते उठले. काठ्या खाली ठेवल्या. बूट पायांतच ठेवून पाषाणासमोर उभे राहिले आणि हात जोडले. एसटीच्या फलाटावर कधी ऐकला नव्हता एवढा बारीक आवाज लागला त्यांचा.

"बा जागेवाल्या महाराजा! आज बूट घालून उभा आहे, चूक पोटात घाल. तिकडचा जो कोण तुझा भाऊबंद असेल, त्यालाही माझा निरोप दे. मी येईन, पण थांबणार नाही. हात मनातल्या मनात जोडीन. पोराला आमची लाज वाटते, त्यात त्याचा दोष नाही, तो लेकरू आहे. त्याच्यावर राग धरू नको. त्याला सांभाळ रे महाराजा!"

आणि ते थांबले. डोळे मिटलेले, हात जोडलेलेच. सड्यावर वाऱ्याशिवाय कुणी नव्हतं. अनवाणी पायांना चटके बसत होते. मी तसाच पुढे होऊन त्यांच्या शेजारी उभा राहिलो, आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडलो,

"होय महाराजा!"