बोटभर फट

मंडळी, आधी सिद्धान्त सांगतो, मग दृष्टान्त.

सिद्धान्त असा: जास्तीकडून कमीकडे. विज्ञानाचे निवृत्त शिक्षक, म्हणजे आपले सर, उभा जन्म हेच शिकवत आले. शाईचा थेंब टाकला की सगळं पाणी निळं. कुपी उघडली की खोलीभर सुगंध. श्वास घेतला की प्राणवायू फुप्फुसातून रक्तात, रक्तातून पेशीत. कोणी ढकलत नाही, कोणी वाट दाखवत नाही. रेणू बिचारे धक्के खात भटकतात आणि पोचायचं तिथे पोचतात. याचं नाव विसरण.

"आणि आपल्या घरी," सर पुढे म्हणत, "विसरण म्हणजे समोरच्या काकूंचा लसूण."

दोन दारं समोरासमोर. काकूंनी लसूण परतला की तो आधी सरांच्या बैठकीत येऊन बसायचा. दाराखालची फट बुजवून त्याचा कायमचा बंदोबस्त करण्याचा सरांनी विडाच उचलला होता.

सरांच्या बाईसाहेब लेकीकडे निघाल्या तेव्हा बजावून गेल्या, "गॅसवर काही ठेवलंत तर समोर उभे राहा. आणि काकूंशी भांडू नका." सरांनी दोन्हीला मान हलवली. मान हलवायला काय जातं?

त्या गेल्या आणि सरांना सर्दी झाली. नाक असं बंद, जसं सुट्टीतल्या शाळेचं फाटक. लसणाचा वास येईना, तरी तक्रार चालूच. वास येत नसला तरी येत असणार, हा तत्त्वाचा प्रश्न होता.

तर एका सकाळी सरांनी वाफ घ्यायला गॅसवर पातेलं ठेवलं आणि पाणी तापेपर्यंत चिकटपट्टी घेऊन दारापाशी पालथे पडले. पुस्तकाला कव्हर घालावं तशा निगुतीने पट्टी लावत गेले. कोपऱ्याशी आले आणि पट्टी संपली. बोटभर फट उरली.

"राहू दे. एवढ्यातून कितीसे रेणू येणार?"

इकडे पाणी उतू जाऊन ज्योत विझली होती. गॅस मात्र सुरूच. सर आत आले, विझलेली शेगडी पाहिली. नाकाने तर असहकारच पुकारलेला. "वाऱ्याने गेली असेल," म्हणत त्यांनी लायटर उचलला.

तोच दारावर धाडधाड थापा.

सर लायटर घेऊनच गेले. दार उघडताना पट्टी चर्रकन सुटली, तसा त्यांचा पारा आणखी चढला. समोर काकू.

"बेल काय शोभेला लावलीय?" सर कडाडले.

"सर, वास येतोय..."

"चला, एकदाचं कबूल केलंत. आता नीट ऐका." सरांच्या हातातला लायटर खडूसारखा फिरू लागला. "वास जास्तीकडून कमीकडे जातो. म्हणजे कुठून कुठे? तुमच्याकडून माझ्याकडे." अंगठा नेमका खटक्यावर.

"ते आधी इकडे द्या."

"मुद्दा टाळू नका."

"मुद्दा नाही, मरण टाळतेय. आज उलटं चाललंय सर. तुमच्याकडून माझ्याकडे. गॅस येतोय गॅस."

पोराच्या हातून कात्री काढून घ्यावी तसा काकूंनी लायटर काढून घेतला. आत जाऊन शेगडी बंद, सिलिंडर बंद, खिडक्या सताड उघड्या. "दिव्याच्या बटणाला हात लावू नका, ठिणगी उडते. म्हणून तर बेल नाही दाबली. चला बाहेर."

घर मोकळं होईपर्यंत दोघं जिन्याच्या पायरीवर बसले. काकूंनी आपल्याकडचा चहा आणला. सर साखर ढवळायला चमचा शोधू लागले.

"राहू द्या," काकू म्हणाल्या, "विरघळेल आपली आपण. तुमचंच शास्त्र."

सरांनी खोल श्वास घेतला. तो आत कसा जातो हे त्यांनी हजारदा फळ्यावर काढलं होतं. जातो याचं अप्रूप आज वाटलं.

"काकू, पट्टी पुरली असती तर?"

"नाही पुरली ना? चहा घ्या."

जन्मभर जिच्यावर दात धरला, त्या फटीनेच जीव राखला. मी याला कृपा म्हणतो, सर विसरण म्हणतात. आमचं भांडण नाही. सरांनी उरलेली पट्टी स्वतः खरवडून काढली आणि काकूंसमोर दोन्ही हात जोडले. काकू म्हणाल्या, "हात नंतर जोडा, आधी शेगडी पुसा."

पुढे सरांचं नाक उघडलं. सकाळी ते मोठ्या आशेने दारापाशी जाऊन बसले, तर लसणाचा पत्ताच नाही. जीव कासावीस झाला. समोरच्या दारावर त्यांनी थाप मारली.

"आज वास नाही आला. बरं आहे ना?"

काकूंनी रुमालातून डोकं वर काढलं. "सर्दी झालीय. पायरीवर तुमच्या शेजारी बसले, त्याचा प्रसाद."

"जास्तीकडून कमीकडे," सर ओशाळून पुटपुटले. "थांबा, तुमच्यासाठी वाफेला पाणी ठेवतो." आणि घराकडे वळले.

"तिकडे कुठे? इथे ठेवा, माझ्या गॅसवर. आणि समोर उभे राहा."

सर उभे राहिले. उकळी फुटेपर्यंत, हाताची घडी घालून, गृहपाठ विसरलेल्या पोरासारखे.