गायीचे तिसरे तोंड

झरीच्या बसथांब्यावरील लोखंडी गायीच्या तोंडात बोललेला शब्द नेमका कोठे कोठे पोहोचतो, हा प्रश्न ग्रामसभेने माझ्याकडे सोपवला. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवले, एवढेच त्याचे कारण.

गाय शिल्पकार निवृत्तीबापूंची. त्यांच्या शिल्पांवर 'हात लावू नये' अशी पाटी कधीच नसे. बोअरच्या जुन्या पाइपांची गाय थांब्यावर, वासरू दूध डेअरीपाशी, आणि दोघांना जोडणारा पाइप जमिनीखाली. गायीत बोलावे, वासरातून ऐकावे. मुलांपेक्षा म्हाताऱ्यांनाच त्याचे वेड लागले.

स्वतः बापूंना मात्र समोरासमोर बोलणे जमत नसे. काहीही विचारा, उत्तर ठरलेले : "मला नका, गायीला सांगा." एकदा डॉक्टरांनी "कुठं दुखतंय?" विचारले, तेव्हाही त्यांच्या तोंडून हेच निघाले.

घोटाळा मुक्ताबाईंमुळे उघडकीस आला. गुडघा धरल्याने घरची पायरी चढवत नाही, असे त्यांनी वासरापाशी बसलेल्या जावेला गायीतून सांगितले. दुसऱ्या दिवशी पायरीशी धरायला बापूंच्या हातचा लोखंडी दांडा उभा!

"अगं बया, बापू चोरून ऐकायलाय!" मुक्ताबाई सभेत कडाडल्या. "दांडा लय बेस हाय. पण ह्याला कळलंच कसं?"

सरपंच म्हणाले, "गुर्जी, तुमी तपासा. तसं असंल तर गाय उपटू."

मी जमीन ठोकत ठोकत पाइपाचा माग काढला. मध्येच एक फाटा निघाला; तो थेट बापूंच्या खाटेच्या उशाशी पोहोचला. गायीवासराला शिंगे, डोळे, जिभा. येथे नुसता उघडा पाइप.

"बापू, हे काय?"

त्यांनी प्रथमच मला सरळ उत्तर दिले. "आमची ही गेल्यापासून घरात आवाजच न्हाई, गुर्जी. कुणाचं कुणाला सांगत न्हाई मी. निस्तं ऐकतो."

अहवालात मी सर्व खरे लिहिले. बापूंचे ते बोलणेही लिहिले. तो वाचून झाल्यावर गाय उपटण्याच्या बाजूने एकही हात वर झाला नाही. मुक्ताबाई पदराने डोळे पुसत होत्या.

गाय वाचली. परंतु तेव्हापासून तिच्याशी कोणी बोलत नाही.

रोज चार वाजता मी जातो, गायीत त्या दिवसाचे हवामान सांगतो आणि कान लावतो. उत्तर येत नाही. श्वास ऐकू येतो, असे वाटते. पण माझे कान आता जुने झाले आहेत. एकट्याच्या निरीक्षणावर विसंबू नये. झरीला उतरलात, तर गायीत दोन शब्द बोला आणि स्वतः पडताळून पाहा.