मागल्या सालची जिंकलेली

आमच्या मन्नाएखेळ्ळीत बायकांचा गोल्फ सुरू झाला, त्याचा पहिल्या सालचा खेळ कुणीच बघितला न्हाई. कामून म्हणून विचारलं की किराणा दुकानवाले वीरप्पाअण्णा म्हणायचे, "तुम्ही शेताला गेलता." अख्खं गाव एकाच दिवशी शेताला! पण त्या साली अण्णांची बहीण गौरक्का जिंकली, हे ते गळ्याची शपथ घेऊन सांगायचे.

अण्णांना गोल्फ सापडला रद्दीत. आमचं गाव हैद्राबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं, पण पुड्या बांधायची रद्दी अजून हैद्राबादहूनच यायची. त्यात एक परदेशी मासिक निघालं. पैसे घेऊन गोल्फ खेळणाऱ्या बायकांच्या एका स्पर्धेचा सगळा इतिहास त्यात होता, चित्रांसकट. अण्णांनी तो मास्तरांकडून वाचून घेतला आणि गिऱ्हाइकाला साखरेबरोबर फुकट वाटायला लागले. "पहिल्यांदा बघायला काळं कुत्रं न्हवतं, शांता. आता बघ गर्दी!" मला गूळ पाहिजे असायचा. तो हातात पडेपर्यंत तिकडं दोनतीन बाया जिंकून जायच्या.

मग नागपंचमीला अण्णांनी तळ्याकडच्या माळावर खड्डे खणले. बाभळीच्या वाकड्या काठ्या, सुतारानं केलेले लाकडी चेंडू, आणि बक्षीस इरकली लुगडं. "बक्षिसाबिगर खेळायला आपण काय हौशी हाव का?" म्हणायचे. लुगड्यापायी गावच्या लेकीसुना पदर खोचून यायच्या, आणि दरसाल गौरक्का जिंकायची. खेळ म्हणावा तर ती चेंडू सोडून ढेकूळ उडवायची. पण तिचा चेंडू थांबला की अण्णा तिथं जाऊन उभे राहायचे, पायाच्या अंगठ्यानं तो हळूच खड्ड्याकडं ढकलायचे आणि वर तोंड करून म्हणायचे, "वारा आला."

एका साली माझा चेंडू शेवटच्या खड्ड्यापासून वीतभर आला. गौरक्का अजून लांब, बाभळीखाली. म्हटलं, यंदा लुगडं माझंच. तेवढ्यात अण्णा लगबगीनं आले.

"शांता, चुकीव."

"कामून चुकवू? तुमचा वारा सगळ्या गावाला दिसायलाय!"

अण्णांचं तोंड उतरलं. "लई पंचम्या मुराळी होऊन करजगीला गेलतो गं, हिला आणायला. सासू म्हणायची, खुरपण हाय, पुढल्या साली बघू. माय गेली तवा बी उशिरा धाडली. तोंड दिसलं न्हाई तिला मायचं. मग थाप मारली. म्हटलं, तुमची सून गोल्फ जिंकलेली हाय, मागल्या सालची जिंकलेली आल्याबिगर खेळ सुरूच होत न्हाई, गाव खोळंबलंय. म्हातारी गर्वानं फुगली, आन् धाडली. आता तू जिंकलीस, तर मी करजगीला काय सांगू?"

मला रडू आलं आणि त्या म्हातारीचा संताप बी आला. काठी अशी हाणली की चेंडू थेट तळ्यात.

"शांते, डोळे फुटले का गं?" बायका खो खो हसल्या.

"फुटले!" म्हटलं.

संध्याकाळी गौरक्का आमच्या घरी आली आणि लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं. "हे तू नेस. मला पंचमी मिळाली, लई झालं."

"म्हंजे तुला ठाव हाय?"

"पहिल्या सालापासनं. पण अण्णाला सांगू नको बाई. मी जिंकले की लहान पोरावाणी नाचतंय ते."