मागून दुसरी येतेय

"मी जरा पलीकडच्या कठड्यावरून दरी बघून येते. माझी जागा धरून ठेवा," बायको म्हणाली आणि खिडकीजवळच्या जागेवर शाल टाकून बसमधून उतरली.

"निवांत बघ. मी आहे ना गाडीत! तुझ्याशिवाय गाडी हलते कशी तेच बघतो," डबलबेल म्हणाले.

हे नाव त्यांना आळीने दिलेलं होतं. उभा जन्म बसमध्ये कंडक्टरकी केलेला हा माणूस निवृत्त झाला, पण त्याचा हात काही निवृत्त झाला नव्हता. जेवण आटोपलं की ताटावर दोन टिचक्या, घराबाहेर पडताना दाराच्या कडीवर दोन टोले. एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला, एवढ्यावर त्यांचा संसार चालला होता.

बायकोची मात्र या संसाराबद्दल एकच तक्रार होती. नवऱ्याच्या बसने ती पुष्कळ हिंडली, पण ती बसलेली आणि नवरा उभा. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी निघाली तेव्हाही हे दारात उभे राहून लोकांना पुढे सरकायला सांगत होते. "एकदा तरी माझ्या शेजारी बसून या हो," एवढंच तिचं मागणं. स्वयंपाकघरात कॅलेंडरचं एक जुनं पान होतं: डोंगरावरचं आडगाव, तळं आणि मागे तीन शिखरं. वर्ष सरलं, पान राहिलं. निवृत्त झालो की तिथे जाऊ, शेजारी बसून जाऊ, मग डोंगरात पायी हिंडू, असं डबलबेलांनी कबूल केलं होतं. बाईंनी त्यासाठी जाड तळव्यांचे बूट घेतले आणि महिनाभर इमारतीच्या जिन्यावर चढउतार करून शेजाऱ्यांची झोपमोड केली.

आणि आज, पिशव्या वरच्या फळीवर टाकून, ते खरोखर शेजारी बसले होते. घाटातल्या या चहाच्या टपरीपर्यंत तरी.

गाडी थांबली होती. कंडक्टर चहाला उतरला होता, ड्रायव्हर स्टिअरिंगवर मान टाकून पडला होता. सवयीने डबलबेलांनी दाराजवळचीच जागा निवडली होती, डोक्यावर घंटीची दोरी. गार वारा सुटला आणि त्यांचा डोळा लागला. तेवढ्यात एक धनगर काठी सावरत आत चढला आणि त्याने मागे दार धाडकन लोटलं.

दार लागल्याचा आवाज आला, की हात दोरीकडे जाणार. यात डबलबेलांचं डोकं कुठेच नव्हतं. डोकं झोपलेलं होतं.

टण् टण्!

ड्रायव्हर घंटीवर विश्वास ठेवणारा सज्जन माणूस होता. त्याने मागे न बघता गाडी काढली. दोन वळणं गेल्यावर डबलबेलांनी डोळे उघडले, शेजारी शाल पाहिली, आणि शालीत बायको नाही हेही पाहिलं.

"थांबा! थांबा! बायको राहिली!" त्यांनी दोरी ओढली. एक घंटी. गाडी थांबली.

"कुणी दिली बेल?" ड्रायव्हर मागे वळला. "आणि आमचा कंडक्टर कुठंय?"

सगळी बस डबलबेलांकडे बघू लागली. त्यांनी घाईघाईने बायकोला फोन लावला. फोन त्यांच्याच कोटाच्या खिशात वाजला. हरवेल म्हणून तिनेच सकाळी तो त्यांच्याकडे दिला होता.

"तुमच्या कंडक्टरला लावा ना!"

"त्याचा फोन हा काय, माझ्यापुढे चार्जिंगला लावलाय."

"मग गाडी वळवा."

"कुठं वळवू? दरीत? वरच्या गावापर्यंत गाडी वळवायला जागा नाही."

"मग मी उतरतो. चालत जातो खाली."

"खुशाल उतरा," ड्रायव्हर म्हणाला. "पण कंडक्टरशिवाय गाडी हलवायची नाही, असा नियम आहे. दाराची कडी तुटलीय, ते धरायला माणूस लागतो. वळणावर मागचं सांगायला माणूस लागतो. तुम्ही उतरलात तर गाडी इथंच उभी."

हा नियम डबलबेलांनी स्वतः कितीतरी नव्या पोरांच्या डोक्यात कोंबला होता. मागून एक बाई म्हणाली, "काका, बाळ गारठलंय हो. चला ना लवकर." डबलबेलांनी खाली जाणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, बाळाकडे पाहिलं, आणि दोरी दोनदा ओढली. निवृत्तीनंतर ते पुन्हा ड्युटीवर रुजू झाले होते.

पुढचा घाट म्हणजे त्या भागातला सगळ्यात देखणा घाट. एका बाजूला धबधबे, दुसरीकडे ढगांच्या वर निघालेली डोंगरांची रांग. माणसं एकमेकांच्या अंगावर पडून बघत होती. "अहाहा!" "ते बघ, ते बघ!" डबलबेलांना दिसत होतं ते दार, दाराची तुटकी कडी आणि अहाहा करणाऱ्यांच्या पाठी. दर थांब्यावर माणसं चढत होती. गाडी ठासून भरली. बसमध्ये एकच जागा रिकामी होती, खिडकीजवळची, शाल टाकलेली.

"इथं कोण आहे?" एका जाडजूड गृहस्थाने विचारलं.

"आमची बायको."

"कुठाय?"

"येतेय."

गृहस्थाने शालीकडे बघितलं, डबलबेलांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तो हळूच दोन पावलं लांब सरकला. डबलबेलांचा जीव मात्र खाली टपरीवर अडकला होता. तिला डोंगर दाखवायला आणलं आणि डोंगरात टाकून आलो. आता ती शेजारी कशाला बसेल? या जन्मात तरी बसायची नाही. त्यांना खरोखर रडू येत होतं, पण ड्युटीवर रडायची पद्धत नव्हती.

वर चढता चढता धुकं उतरलं. इतकं दाट, की ड्रायव्हरही घंटीच्या भरवशावर चालवू लागला. शेवटच्या चढाआधीच्या थांब्यावर तो धनगर उतरला. डबलबेल दार ओढून घेतात तोच धुक्यातून दोन हात वर झाले आणि कुणीतरी धावत आलं. गाडीत मुंगी शिरायला वाव नव्हता. डबलबेलांनी मान बाहेर काढली आणि जन्मभर ज्या वाक्यावर त्यांनी पोट भरलं ते वाक्य आपोआप तोंडातून गेलं.

"जागा नाही! मागून दुसरी येतेय!"

टण् टण्!

"अहो!" धुक्यातून आवाज आला.

जगात पुष्कळ बायका 'अहो' म्हणतात. पण शेवटचा ओ असा कपाळावर आपटावा तसा एकच बाई म्हणते, हे डबलबेलांना गाडी हलल्यावर उमगलं. पाठोपाठ एका पुरुषाचा आवाज आला, "अरे, माझी गाडी! माझी गाडी आहे ती!"

झालं होतं असं, की घाटरस्ता वळणं घेत घेत जातो आणि पायवाट सरळ वर चढते. कंडक्टरला ती पायवाट ठाऊक होती. बाईंच्या पायात जाड तळव्यांचे बूट होते. गाडी थांबे घेत येईतो दोघं तिला गाठायला वर आली होती.

डबलबेलांनी दोरी अशी ओढली की ती तुटायची बाकी राहिली. "थांबवा!"

"चढावर?" ड्रायव्हर ओरडला. "आता थांबलो तर गाडी मागं जाईल, पुढं नाही! गावातच थांबणार!"

एकदा चुकून सोडून येणं, याला क्षमा असते. तोंडावर 'जागा नाही' म्हणून सोडून येणं, आणि तेसुद्धा तिचीच जागा रिकामी ठेवून, याला क्षमा कुठल्या तोंडाने मागायची हे डबलबेलांना कळेना.

गाव आलं. माणसं उतरली, बाळ उतरलं, जाता जाता सगळ्यांनी डबलबेलांकडे एकेकदा बघून घेतलं. ते शाल घेऊन थांब्यावर उभे राहिले. पत्र्याखाली एक बाक होता, पण त्यांना बसवेना. चहावाल्या बाईने धुक्याकडे बोट करून सांगितलं, "आता आठवडाभर हे हटायचं नाही. तळं, शिखरं, काही दिसायची नाहीत." डबलबेलांनी नुसती मान हलवली. शिखरांचं दुःख करायला मनात जागा नव्हती.

मग पायवाटेवरून आधी बूट वाजले आणि धुक्यातून बायको आली. गाल लाल, पदर खोचलेला, गुडघ्यापर्यंत चिखल. तिच्या मागे कंडक्टर धापा टाकत होता. तो थेट आपल्या गाडीत चढला आणि त्याने घंटीच्या दोरीवरून मायेने हात फिरवला.

"अगं," डबलबेल म्हणाले. "शाल घे."

तिने शाल घेतली. मग एका दगडावर बुटांचा चिखल घासू लागली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"कॅलेंडरात तीन शिखरं आहेत," ती शेवटी म्हणाली. "खरी चार आहेत. चौथं पानात मावलं नसेल. मधल्या पठारावर आलो तेव्हा सगळी उघडी होती. खाली तळं. पुढच्या पाच मिनिटांत धुकं आलं. तुम्ही बघितलंत ना गाडीतून?"

"मी दार बघितलं."

"काहीच नाही?"

"कडी तुटलीय त्याची."

ती हसेल असं त्यांना वाटलं. ती हसली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी एवढी वर्षं थांबले ते काय शिखरं बघायला? 'अहो, बघा ना' म्हणायला वळले, तर शेजारी तो कंडक्टर! दोनदा त्याला 'अहो' म्हटलं मी. लाजून मेला बिचारा."

डबलबेलांनी मान खाली घातली. बायको बाकाकडे गेली. बसण्याआधी तिने वर बघितलं. पत्र्याला दोरी नव्हती. मग ती एका कडेला सरकून बसली आणि उरलेल्या जागेवर तिने शाल टाकली.

"ही जागा धरलीय," ती म्हणाली. "बसा."

डबलबेल शाल उचलून बसले. समोर धुक्याशिवाय काही नव्हतं. तिचा थकलेला खांदा त्यांच्या खांद्याला टेकला.

टण् टण्!

घंटी खऱ्या कंडक्टरने दिली होती. बस हलली आणि परत खाली निघाली. बसमधल्या सामानाच्या फळीवर या दोघांच्या दोन पिशव्या राहिल्या होत्या, सगळे गरम कपडे त्यांत होते, आणि खालची गाडी आता उद्या दुपारी वर येणार होती. डबलबेलांचे पाय ताडकन उठायला निघाले. त्यांनी ते तसेच दाबून धरले.

"अहो, आपल्या पिशव्या!" बायको म्हणाली. "धावा ना!"

"बस गं," डबलबेल म्हणाले. "मागून दुसरी येतेय."